गोजराबाईचा हात आणि अडीच किलोची प्लेट

अनसिंगच्या बाजारात गोजराबाईच्या हाताचं नाव होतं. ढिगातून तिनं वांगी उचलली की अर्धा किलो म्हणजे अर्धा किलोच. गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी ती मग काट्यावर टाकायची आणि काटा दर वेळी तिचीच री ओढायचा. या गोष्टीचा तिला भारी तोरा होता, आणि तो तिला शोभायचाही.

दिवाळीआधी मळ्यातल्या पाटात तिचा पाय घसरला आणि नेमकं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण हातातला अंदाज पार पळाला. पाव किलो म्हणून उचललेली मिरची दीडशे ग्रॅम निघाली. नवरा, गुलाबराव, स्वतः काट्यापाशी बसले आणि त्यांनी तिला मागे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला लावलं. माणूस वाईट नाही, पण बायकोला कुठं लागतं हे त्यांना चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी हलकी वजनं उचलायला सांगितली, तशी गोजराबाई पदर खोचून थेट गावातल्या जिममध्ये गेली. दुपारची वेळ बायकांची. शिकवायला समीक्षा, जऊळक्याची चुणचुणीत पोरगी. नव्या सुनेला घरचे लोक दाखवावेत तशी तिनं एकेका वस्तूची ओळख करून दिली. हे डंबेल, एका हातात धरायचं, सुरुवात इथूनच. ती लांब दांडी म्हणजे रॉड. तिच्या दोन्ही टोकांना सारख्या वजनाच्या प्लेटा चढवायच्या आणि घसरू नयेत म्हणून बाहेरून लॉक लावायचं. रिकाम्या रॉडचंही वजन धरायचं बरं का, नवी माणसं तेच विसरतात. गोजराबाईला हे काही पटेना. तिच्या धंद्यात दांडीचं वजन धरणाऱ्याला लोकांनी बाजारातून हाकललं असतं.

तिनं एक किलोच्या डंबेलपासून सुरुवात केली. दहा वेळा उचलायचं, दम खायचा, पुन्हा दहा. पाठ ताठ, श्वास कोंडायचा नाही, वजन वाढवायची घाई नाही. दोन महिन्यांत हाताला ताकद आली. अंदाज परत आला का, हे तपासायची मात्र तिला भीती वाटत होती.

एके दिवशी समीक्षानं तिच्या दोन्ही हातांत अडीच-अडीच किलोच्या प्लेटा दिल्या. गोजराबाई थबकली. डावीकडची हलकी लागत होती. समीक्षा म्हणाली, उजवा हात अजून कच्चा आहे, त्याला त्याची प्लेट जड लागणारच. गोजराबाईचा चेहरा पडला. नेमकं हेच तिला ऐकायचं नव्हतं. तिनं प्लेटांची अदलाबदल केली. आता तीच प्लेट उजव्या हातात होती, आणि अजूनही तीच हलकी लागत होती.

"पोरी, हिच्यात पाव किलो कमी हाय."

"मावशी, छापलं हाय नं वरती, अडीच म्हणून."

"छापणाऱ्यानं उचलून पाह्यली होती काय?"

बायका हसायला लागल्या. समीक्षा दोन्ही प्लेटा घेऊन शेजारच्या किराणा दुकानात गेली, मागोमाग गोजराबाई. एक प्लेट बरोबर अडीच किलो भरली. दुसरी दोन किलो दोनशे साठ. गोजराबाईनं तो आकडा दुकानदाराकडून दोनदा वाचून घेतला आणि भर दुकानात रडू लागली. रडता रडताच हसली.

"दहा ग्रॅमनं चुकला, पण माहा हात आला वापस," ती समीक्षाला म्हणाली.

पुढच्या बाजाराला ती काट्यापुढे जाऊन उभी राहिली.

"सरका," ती गुलाबरावांना म्हणाली. "जुड्या आता तुमी बांधा."

ते कुरकुरत सरकले. पहिल्या गिऱ्हाइकानं अर्धा किलो वांगी मागितली. गोजराबाईनं ढिगात हात घातला, वांगी काट्यावर ठेवली आणि गिऱ्हाइकाला घरची खुशाली विचारू लागली. काट्याकडे तिनं पाहिलंच नाही. गुलाबरावांनी मान लांब करून पाहिलं, आणि गुपचूप कोथिंबीर हातात घेतली.