वर्षभर न लावलेली गाणी

बाबा गेले त्या वर्षी आमच्या लालबागच्या खोलीत सण नव्हता. गौर नाही, गोडधोड नाही, गाणी तर नाहीच नाही. बाबांनी आपल्या फोनवर आईची गौरीची गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती, तिच्या माहेरची, मालवणकडची. मधेच बाबांचा आवाज यायचा, “गो, वायच मोठ्यान म्हण!” फोन मरायला टेकला होता म्हणून मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. डाऊनलोड्समध्ये पडली, तिथेच राहू दिली. वर्ष सरल्याशिवाय लावायची नाहीत, असं आईनंच बजावलं होतं. फोन त्यानंतर बंद पडला तो उठलाच नाही.

वर्ष सरता सरता आईला झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. यंदा गौर आणायचं ठरलं तेव्हा तिनं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं, मग कानाला हात लावला. मी म्हटलं, “लावतो गं. गौर तर बसू दे.”

गौरीच्या संध्याकाळी बहीण भायखळ्याहून आली. मजल्यावरच्या बायका फुगड्यांना जमल्या. आईला नवी साडी नेसवून खुर्चीत बसवलं. मी डाऊनलोड्स उघडलं, तर परवा घेतलेली आरत्यांची एक फाइल तेवढी. बाकी काही नाही.

रिसायकल बिन बघितली. लपवलेल्या फाइल्स दाखवायला सांगितलं. नावानं शोधलं. घामाघूम झालो. शेवटी सेटिंग्जमध्ये, स्टोरेजच्या आत, आणखी एका पानाच्या तळाशी ती ओळ सापडली: डाऊनलोड्समधल्या फाइल्स अमुक दिवस उघडल्या नाहीत, तर आपोआप पुसून टाका. बिनसाठीही तेच. जागा कमी पडतेय म्हणून कधीतरी कॉम्प्युटरनं विचारलं असेल, मी हो म्हटलं असेल. देव जाणे. अरे पण मेल्या, उघडलं नाही म्हणजे नको आहे, हे तुला कुणी सांगितलं? दुखवट्यातल्या घरात जिवापाड जपलेलंच कुणी उघडत नाही!

मी ते बटण बंद केलं. आता करून काय उपयोग, पण केलं.

“लागत नाहीये का रे?” बहिणीनं विचारलं.

“गेली. सगळी गेली. बाबांचा आवाजपण.”

आई माझ्याकडेच बघत होती. तिला ऐकू सगळं येतं. एवढ्या बायकांसमोर मला रडू कोसळलं.

बहिणीनं डोळे पुसले आणि आईचंच गाणं स्वतः सुरू केलं. बायकांनी मागून ध्रुवपद उचललं, त्यांना तेवढंच येत होतं. दुसऱ्या कडव्याला बहीण अडली. पुढची ओळ फक्त आईला ठाऊक होती. सवयीनं बहिणीनं तिच्याकडे पाहिलं. आईनं तोंड उघडलं, मान हलवली, पुन्हा उघडलं. “आ... आ...” एवढंच आलं.