कुसाबाईने तपासून घेतलं

वाल्मीक एचआयव्हीनं गेला आणि पाठोपाठ त्याच्या बायकोच्या, कुसाबाईच्या रक्तातही तेच निघालं. सिन्नरच्या त्या घरात मागं उरल्या तिघी: कुसाबाई, सासू अक्काबाई आणि पाळण्यातली हर्षाली. पोरीचं रक्त साफ निघालं, हीच देवाची कृपा. कुसाबाईनं पदर खोचला, अंबडच्या कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं आणि नाशिकच्या एआरटी केंद्रातली एचआयव्हीची गोळी न चुकता घेत राहिली. हर्षाली आता बारावीला आहे. ती पायावर उभी राहीपर्यंत मरायचं नाही, एवढं कुसाबाईनं पक्कं ठरवलेलं.

यंदा केंद्रातली सिस्टर म्हणाली, "गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या. एचपीव्ही नावाचा विषाणू पुष्कळ बायकांना होतो आणि आपोआप जातोही. पण एचआयव्ही असलेल्या बाईच्या अंगात तो ठाण मांडून बसतो. पुढं त्यातून कॅन्सर होऊ शकतो."

आता डॉक्टरिणीपुढं जायचं म्हणजे स्वच्छ होऊन जायचं, ही आपल्या बायकांची रीतच. अक्काबाईनं पहाटे पाणी तापवलं, त्यात जंतुनाशक ओतलं आणि सुनेला बजावलं, "आतून बी चांगली धू. नावं नको ठेवायला." कुसाबाईनं धुतलं. टेबलावर चढल्यावर मॅडम म्हणाल्या, "आतून काही लावलंय का? मग आज नमुना नीट येणार नाही. दोन-चार दिवस आतून धुऊ नका, मग या." झालं! खाडा फुकट गेला आणि वरून मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय म्हणावं या स्वच्छतेला.

घरी आल्यावर अक्काबाईनं आधी दार लावलं. "बास झालं. गोळी लागू पडलीय, रिपोर्ट चांगले येत्यात. कशाला परत जातीस? कंपनीतलं कोणी बघितलं तर गावभर होईल."

"आत्याबाई, गोळी एचआयव्हीला धरून ठेवती. दुसऱ्या रोगाचं तिला काय पडलंय? तुमच्या लेकाचं दुखणं आपण दोघींनी लपवलं. लोकांना कळलं नाय, पण माणूस वाचला का?"

अक्काबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सून चुकीचं बोलली नव्हती, पण आईच्या काळजाला लागायचं ते लागलंच. कुसाबाईलाही वाईट वाटलं. तरी तिनं शब्द मागं घेतला नाही.

ती पुन्हा गेली. नमुन्यात एचपीव्ही निघाला, म्हणून मॅडमनी परत बोलावलं. त्या जागी व्हिनेगरचं पाणी लावलं तर पांढरा डाग उठला. कॅन्सर नव्हता, पण वाट त्याच गावाची होती. मॅडमनी तिथल्या तिथं यंत्राच्या गरम टोकानं डाग जाळला. ओटीपोटात कळ आली, बाई दात आवळून पडून राहिली.

"वेळेवर आलात," मॅडम म्हणाल्या. "पण सुटलो असं समजू नका. सांगू त्या तारखेला तपासणीला यायचं."

"येईन की. कोण अडवतंय?"

परतीच्या जीपमध्ये शेजारची कलाबाई भेटली. "कामाच्या दिवशी कुठं हिंडतीस गं?"

एरवी कुसाबाईनं थाप मारली असती. पण थापांचा तिला वीट आला होता. एचआयव्हीचं कोणाला सांगायची गरज नव्हती. बाकीचं सांगायला कोणाच्या बापाची भीती?

"गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून आले," ती सरळ म्हणाली. "कॅन्सर व्हायच्या आत डाग जाळून घेतला. तू केलीस का कधी?"

समोर बसलेला माणूस घाईघाईनं बाहेर बघायला लागला. सिन्नरला उतरल्यावर कलाबाईनं कुसाबाईचा दंड घट्ट धरला.

"माझी पाळी जाऊन वर्षं झाली," ती हळूच म्हणाली. "अन् दिवाळीपासून पुन्हा लाल जातंय. सुनांना कसं सांगू, म्हणून गप होते."

"पाळी गेल्यावर रक्त जाणं बरं नाय. सकाळी पयल्या एसटीनं जाऊ. मी टेबलापर्यंत येते संगं."

"अन् तुझी ड्यूटी?"

"कंपनी कुठं पळून जात नाय," कुसाबाई म्हणाली.