मटार सोलताना

"अहो, दोन किलो शेंगा दिल्या होत्या सोलायला! दाणे कुठायत?" बायको ओरडतच बाहेर आली. लेकीचं लग्न ठरल्यावर व्याही आज पहिल्यांदाच जेवायला येणार होते आणि बेत मटारच्या उसळीचा होता. माझ्यापुढे सालांचा सह्याद्री उभा होता आणि पातेल्यात जेमतेम मूठभर दाणे होते.

माझा तरी काय दोष? कोवळी शेंग अंगठ्याखाली फुटते तेव्हा तिच्यात अख्खं शिवार असतं, दवासकट. फोडणीत पडली की गवार काय आणि मटार काय, सगळ्यांना एकच गणवेश. माणसाला विस्तव सापडला तेव्हा सगळे तिकडे धावले. माझा एक पूर्वज मात्र मुळा चावत मागेच बसून राहिला आणि त्याचे दात शंभरीपर्यंत शाबूत होते. हे मी छातीठोकपणे सांगतो.

तेवढ्यात व्याही आले. बायकोने राखून ठेवलेल्या शेंगा निमूटपणे माझ्यापुढे ओतल्या. "द्या, मीही हात लावतो," म्हणत व्याहीही मांडी घालून बसले.

अर्ध्या तासाने ती पातेलं न्यायला आली. आत डोकावली आणि आमच्याकडे बघत राहिली. व्याह्यांनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"विहीणबाई, पिठलं टाका."