पांढरीवरची चांदमारी

शालिकरामला बंदुकीची हौस कधीच नव्हती. कुणब्याचा पोर, वखर-नांगर हाकत वाढलेला. पण अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. अमरावतीहून अकोल्याकडे दिवसरात्र गाड्या चालू झाल्या. गाड्यांमागोमाग लुटारूही आले. एका रात्री कापसानं ठासून भरलेल्या गाड्या जंगलात रिकाम्या झाल्या, गाडीवान झाडांना बांधलेले सापडले. त्यानंतर कापूस घेणाऱ्या गोऱ्या साहेबानं ठरवलं की आपल्या गाड्यांबरोबर बंदूकवाले राखणदार पाठवायचे. अंगानं दणकट आणि दारूला न शिवणारा म्हणून त्यात शालिकरामचं नाव आलं.

"बंदूक मले येत नाई, साहेब," तो म्हणाला.

"सीख जायेगा," साहेब म्हणाला आणि त्यानं त्याला जमादाराच्या हवाली केलं.

जमादार निजामाच्या फौजेतून उतरलेला म्हातारा शिपाई होता. दाढी पांढरी, पाठ ताठ. त्यानं सांगितलं की अमरावतीतल्या साहेब लोकांनी मिळून चांदमारीचं एक मंडळ काढलंय. दर रविवारी सकाळी गावाबाहेर जमतात, निशाण लावून गोळ्या मारतात, मग तंबूत बसून चहा पितात. साहेबांचा नेम धरून झाला की राखणदारांनाही तिथंच शिकवायची परवानगी मिळाली होती.

रविवारी उजाडता उजाडता जमादार आणि शालिकराम बैलगाडीतून निघाले. रस्ता नवा होता, मुरूम टाकलेला. थंडीचे दिवस. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती आणि वेचणाऱ्या बायांचे आवाज येत होते. शालिकराम गाडीत उकिडवा बसून होता. ह्या अंगाला तो लहानपणानंतर कधी आला नव्हता. काकानं येऊ दिलं नव्हतं, आणि पुढे पुढे त्यालाही यावंसं वाटलं नव्हतं.

गाडी थांबली तेव्हा समोर एक लांबट टेकाड दिसलं. चहूकडे काळी जमीन आणि मधोमध हे पांढुरकं टेकाड. टेकाडाच्या पोटाशी लाकडी चौकटीवर पांढरं कापड ताणून त्यावर काळा चांद रंगवला होता. चुकलेल्या गोळ्या टेकाडाच्या मातीत शिराव्यात म्हणून ही जागा निवडलेली. अलीकडे एक तंबू, खुर्च्या, दोन-चार साहेब, आणि बाजूला एक पडकी विहीर.

शालिकराम पाणी पाहायला म्हणून विहिरीकडे गेला. काठाच्या दगडात दोरखंडानं कापलेल्या खोल खाचा होत्या. त्यातल्या एका खाचेत त्याचा हात आपोआप गेला. तो तसाच उभा राहिला. मग त्यानं वळून टेकाडाकडे पाहिलं, टेकाडाच्या टोकाशी वाळलेल्या कवठाच्या झाडाकडे पाहिलं.

ती कवठी होती. त्याचं गाव.

मोगलाईच्या काळात कवठीत पटकीची साथ आली तेव्हा शालिकराम आठ-नऊ वर्षांचा होता. बाप आधीच वारलेला. घरोघर माणसं पडू लागली, जाळायलाही कोणी उरेना, तेव्हा उरलेल्यांनी गाव सोडलं. त्याचा काका महादेवराव गाडी जुंपून दाराशी आला. पण धाकटी बहीण शकुन तापली होती, तिला उलट्या सुरू झाल्या होत्या. गाडीतली माणसं आजारी पोर घ्यायला तयार होईनात. तेव्हा पार्बताबाईनं, त्याच्या मायनं, शालिकरामला उचलून गाडीत बसवलं आणि ती पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

"तू जाय," ती म्हणाली. "इले बरं वाटलं का आमी येतोच."

त्या दोघी आल्या नाहीत. त्यांना कोणी आणायला गेलं नाही. कागदोपत्री गाव बेचिराख झालं, मातीची घरं पावसापावसानं बसत गेली आणि गावठाणाच्या पांढरीचं टेकाड झालं. माय कोणत्या दिवशी गेली, आधी ती गेली का पोरगी, तिला पाणी कोणी पाजलं, हे शालिकरामला कधी कळलं नाही. काकाला विचारलं की काका उठून गोठ्यात जायचा.

"अरे, किधर खोया?" जमादारानं हाक मारली. "तेरी बारी है."

शालिकराम आला. जमादार शिकवत गेला तसं त्याचे हात करत गेले. काडतुसाचा कागद फाडला, नळीत दारू ओतली, वर गोळी सोडली, गजानं ठासली, टोपी बसवली, घोडा चढवला. मग पालथं पडून दस्ता खांद्याला लावला.

"नळीच्या टोकावर नेमाचा दाणा आहे, माशी म्हणतात, ती चांदावर आण," जमादार हळू आवाजात म्हणाला. "साँस रोक. चाप खेचू नको, नुसता दाब."

शालिकरामनं एक डोळा मिटला. माशी चांदावर आली. आणि उजवीकडून एक बाई चालत आली.

डोईवरून पदर घेतलेला, कडेवर पोर. ती अगदी सावकाश आली आणि निशाणापुढे उभी राहिली, आपल्या घराच्या दारात उभं राहावं तशी. पोरीची मान तिच्या खांद्यावर टेकलेली होती.

शालिकरामनं बंदूक खाली केली. "बाई आहे तथी."

जमादारानं कपाळावर हात धरून पाहिलं. "कोण बाई? कोणी नाही."

शालिकरामनंही उघड्या डोळ्यांनी पाहिलं. पांढरं कापड, काळा चांद, ऊन. त्यानं पुन्हा नेम धरला. पुन्हा ती तिथंच होती. आता तिच्या हिरव्या लुगड्याचा काठसुद्धा दिसत होता. तोंड मात्र पदराच्या सावलीत.

"माय," तो म्हणाला, "बाजूले हो."

मागे कोणीतरी हसलं. खुर्चीतल्या एका साहेबानं काहीतरी विचारलं आणि सगळेच हसले. शालिकरामनं घोडा हलकेच उतरवला, बंदूक जमिनीवर ठेवली आणि उठून तो टेकाडाकडे चालू लागला. जमादार ओरडला, कोणीतरी घाईघाईनं लाल निशाण वर केलं. तो थांबला नाही. आपल्या पाठीला सगळ्यांचे डोळे लागलेत हे त्याला कळत होतं, आणि समोरूनही कोणीतरी पाहतंय असं वाटत होतं.

चौकटीपाशी बाई नव्हती. चौकटीच्या मागे गोळ्यांनी टेकाडाचं पोट फोडलं होतं. रविवारमागून रविवार माती ढासळत गेली होती आणि आत भिंतीची एक ओळ उघडी पडली होती. भिंतीशी चूल. चुलीपाशी जात्याची अर्धी तळी. आणि तिथंच, कुशीवर निजल्यासारखी, माणसाची हाडं. त्या हाडांच्या पोटाशी आणखी हाडं, लहान, कोवळी. एका गोळीनं मोठ्या हाडांतली एक बरगडी मोडली होती. मोड ताजी होती, आतून पांढरीशुभ्र.

शालिकराम खाली बसला. त्यानं मोडलेले दोन तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिले.

जमादार धापा टाकत मागून आला. पाहिलं आणि त्यानं पायांतले जोडे काढले. मग त्यानं खांद्यावरचा धुतलेला रुमाल शालिकरामपुढे पसरला.

"तेरे लोग हैं?"

"हे माहं गाव होतं."

"पर ये... तेरी माँ?"

शालिकरामनं चुलीकडे पाहिलं. आपली चूल कोणत्या भिंतीशी होती, हे त्याला आठवेना. कवठीतल्या कोणत्याही घरात एक बाई आणि एक पोर मागे राहिलं असेल. "ठावं नाई," तो म्हणाला आणि हाडं गोळा करू लागला.

जमादारानं तंबूत जाऊन साहेबांना काय सांगितलं ते शालिकरामला कळलं नाही. चहा थंड होईपर्यंत बोलणं चाललं. शेवटी माणसांनी चौकट उपटली आणि टेकाडाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन रोवली. दुपारपर्यंत तिकडून बार ऐकू येत होते. तिकडेही कोणाची तरी घरंच होती. शालिकराम गाठोडं मांडीवर घेऊन गाडीत बसला होता आणि प्रत्येक बाराला त्याचा हात गाठोड्यावर घट्ट होत होता.

घरी आल्यावर त्यानं गाठोडं ओट्यावर ठेवलं. काका दोर वळत बसला होता. आता म्हातारा झाला होता, पुतण्याच्याच घरी राहत होता.

"काय आनलं?"

"कवठीहून आनलं, काका. चुलीपाशी होती. एक मोठी, एक लहान."

महादेवरावाच्या हातातला दोर सुटला. तो उठून गोठ्याकडे जाईल असं शालिकरामला वाटलं. पण तो उठला नाही.

"मी गेलतो," तो म्हणाला.

"कुठी?"

"कवठीले. तुले इथं सोडलं अन् दुसऱ्या दिवशी परत गेलतो. वैनीले आनाले. वेशीपावेतो गेलो." म्हाताऱ्याचा आवाज कोरडा होता. "पोट्टी रडून राहिली होती. वैनी हाका मारत होती. माह्या नावानं नाई, कोनी बी या म्हनत होती. पानी मांगत होती. माहे पाय पुढे गेले नाई, शालिक. मले मराचं भेव वाटलं. मी तथूनच फिरलो."

शालिकराम त्याच्याकडे पाहत राहिला. एवढी वर्षं ह्याच माणसानं त्याला भाकर दिली, पोशिंदा झाला, लग्न करून दिलं. एवढी वर्षं त्याला वाटत होतं की माय न बोलता, शांतपणे गेली असेल.

"काहून सांगतलं नाई?" त्यानं विचारलं.

"रोज आयकू येते मले ते," काका म्हणाला. "तुले काहून आयकू यावं?"

त्या रात्री दोघेही जेवले नाहीत. सकाळी शालिकरामनं गाडी जुंपली. काका काठी घेऊन आपणहून येऊन बसला. शालिकरामनं त्याला उतर म्हटलं नाही.

कौंडण्यपूरला वर्धा नदी हिवाळ्यात निवळशंख असते. शालिकराम कमरेएवढ्या पाण्यात उतरला. काका काठावरच उभा राहिला, पाण्याच्या कडेशी. गाठोडं एका हातात धरून शालिकराम थोडा वेळ थांबला. मग तो माघारी आला, त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला आणि त्याला धरून धरून आत नेलं. गाठोडं दोघांनी मिळून सोडलं. काकानं ओंजळभर पाणी घेतलं आणि जिथं हाडं बुडाली तिथं ओतलं. पुन्हा घेतलं, पुन्हा ओतलं. शालिकरामनं त्याला थांबवलं नाही.

राखणदारीचं काम त्याचं गेलंच. नेम धरताना ज्याला बाया दिसतात तो माणूस साहेबाला नको होता. जमादारानं शब्द टाकला म्हणून त्याच गाड्यांवर गाडीवान म्हणून त्याला ठेवून घेतलं, आणि पुढे आगगाडी येईपर्यंत तो कापूस वाहत राहिला. बंदूक त्यानं पुन्हा हातात घेतली नाही.

पण हे नंतरचं. कौंडण्यपूरहून परतताना संध्याकाळी त्यांना कापसाच्या गाड्यांची रांग आडवी आली. शालिकरामनं बैल बाजूला घेतले आणि रांग सरायची वाट पाहत दोघे बसून राहिले. धुळीत एकामागून एक पांढरे ढीग जात होते, बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते.

"शालिक," काका म्हणाला. "ते तुले दिसली तवा... रागात होती का?"

शालिकरामनं खूप आठवून पाहिलं.

"तोंडच नाई दिसलं, काका," तो म्हणाला. "अन् मले आता आठवत बी नाई, ते दिसे कशी."

म्हातारा त्याला सांगू लागला. वैनीचं नाक कसं होतं, हसली की एक दात कसा दिसायचा, कपाळावर गोंदण कुठं होतं. गाड्या संपल्या, रस्ता मोकळा झाला, तरी शालिकरामनं बैलांना हाक दिली नाही.