काळ्या दगडातलं दार

मुकुटबनच्या बाजारात मी पत्रकं वाटत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. "मोठीमाय गेली." एवढंच म्हणाले. पत्रकाचा मथळा होता ‘चुलीपुढच्या बाईला कोण विचारतं?’ तो मीच लिहिला होता. उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली आणि तीन गाड्या बदलून बोरी अरबला पोचले. तोवर सगळं आटोपलं होतं... मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, मोठेबाबांची, बायको. सकाळी भाकरी टाकता टाकता खाली बसली ती उठलीच नाही. मोठेबाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. तव्यावरची भाकर जळल्याचा वास आला म्हणून ते आत गेले. आवाज कुणालाच आला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुण्यानुमोदनाच्या दिवशी, शोकसभेत, जो बोलायला उठला तो तिच्या हाताच्या चवीबद्दलच बोलला. बेसन असं, आंबाडीची भाजी तशी. चेहऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. बोलणार कसं? आम्ही सगळ्यांनी तिची पाठच पाहिली होती.

तिचं स्वयंपाकघर म्हणजे लांबट, अंधारी खोली. एका टोकाला दार, दाराबाहेर आंगण, आंगणापलीकडे रस्ता. दुसऱ्या टोकाला भिंत, आणि त्या भिंतीला लागून गॅसचा ओटा. म्हणजे स्वयंपाक करायचा तर जगाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड. पस्तीस वर्षं. मोठेबाबा तहसीलमधून रिटायर झाले तेव्हा घराला हात लावायचं ठरलं. शेगडीमागची भिंत तेलाने आणि धुराने पिवळी-काळी झाली होती, पोपडे भाजीत पडत. तिथे काहीतरी लावू, मोठीमायच्या पसंतीने, असं मोठेबाबांनी जाहीर केलं. आम्ही सगळे चहाला बसलो होतो. मोठीमाय दारात उभी राहून म्हणाली, "मले तिथं खिडकी पाह्यजे."

त्या भिंतीपलीकडे आमचं घर आहे. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा ही भिंत सामायिक ठरली. सामायिक भिंतीला कुणी भोक पाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. खिळा ठोकायचा तरी पलीकडे विचारून. आणि भिंतीला टेकूनच आमची न्हाणी, वर उघडी. बाबा म्हणाले, "वहिनी, तिथून आमची न्हाणी दिसंन. घरात पोरगी हाय." पोरगी म्हणजे मी. मोठीमायने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा गावोगाव फिरून बायांना सांगत होते की स्वयंपाकघरात उजेड-वारा हा तुमचा हक्क आहे. तोंड उघडायचं होतं ते तिथे. न्हाणीवर चार पत्रे टाकले असते तरी भागलं असतं. पण मला आंघोळीचं आठवलं, आणि मी म्हणाले, "टाइल लाव ना मोठीमाय. तुझ्या पसंतीची. मी येतो तुझ्यासंगं." ती फक्त "बरं" म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

दारव्ह्याला एका ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदार रफीकभाई, बोलका माणूस. "भाभीजी, किचनले फळावाली चालते. हे पाहा, अंगूर, सेब, सगळं हाय." मोठीमाय म्हणाली, "खायले भेटत नाही, पाह्यले कायले लावू?" रफीकभाई खो-खो हसले. मग फुलांची झाली, विटांसारखी दिसणारी झाली, स्टीलचा पत्रा झाला. पत्र्याला तिने बोट लावलं आणि सोडून दिलं. मी पांढऱ्या टाइलच्या मागे लागले होते... उजेड वाढतो, डाग कळतो, स्वस्तही पडते. एवढ्यात दिसलं, ती कोपऱ्यात उभ्या केलेल्या काळ्या ग्रॅनाइटपुढे उभी आहे. चकचकीत पॉलिशचा दगड. ती एक पाऊल डावीकडे सरकली, मग उजवीकडे. मान वाकवून पाहिलं. "हे."

"काळं?" रफीकभाई म्हणाले. "हे ओट्यावर टाकतात, भिंतीले कोनी लावत नाही. तेलाचा एकएक थेंब दिसंन."

"पुसीन मी."

मी भाषणच दिलं. अंधाऱ्या खोलीत काळी भिंत म्हणजे अजून अंधार, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुले राह्याचं हाय काय तिथं? तू पत्रक लिह्य."

दगड लागला. लोक हसले. ती मात्र रोज सकाळी, चहाच्याही आधी, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने तो पुसायची. मोठेबाबा म्हणायचे, हिले येड लागलं सफाईचं. त्याच सुमारास तिच्या पाठीला डोळे फुटल्याची थट्टा घरात सुरू झाली. मी आवाज न करता दारात उभी राहिले तरी ती भाकरी थापता थापता, मागे न वळता म्हणायची, "ये प्रज्ञे. वाळून गेली माय, जेवत नाही काय?" रस्त्यावरून कोण गेलं, कुणाची सून माहेरी निघाली, सगळं तिला ठाऊक असायचं. आम्ही म्हणायचो, हिचे कान तिखट आहेत.

पुण्यानुमोदनानंतर पाहुणे गेले आणि मोठेबाबांना चहा हवा होता. मी ओट्याशी गेले. त्या घरात मी जेवले असेन हजारदा, पण त्या जागी उभी पहिल्यांदाच राहिले. दगडावर इतक्या दिवसांचा तेलकट थर होता. चहा उकळेपर्यंत काय करायचं म्हणून खिळ्यावरचं तिचं फडकं घेतलं आणि पुसायला लागले. आधी ओल्याने, मग कोरड्याने... आणि दगडात दार उमटलं. दार, आंगणातला नळ, त्यापलीकडे रस्ता. सायकलवरून कुणीतरी गेलं. एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन थांबली, पदर सारखा केला, निघाली. दुकानात ती एक पाऊल डावीकडे, एक पाऊल उजवीकडे का सरकत होती, ते मला आत्ता कळत होतं, चार वर्षांनी. आणि मी तिला पांढरी टाइल विकत होते.

दगडात बाबा येऊन उभे राहिले, दाराच्या चौकटीत. "काय पाहून राह्यली?"

"बाबा, इथं खिडकी पाडू. न्हाणीवर पत्रे टाकू."

त्यांनी चौकटीला हात टेकला. मग म्हणाले, "आता कोणासाठी?"

चहा उतू गेला, दगडावर शिंतोडे उडाले. मी फडकं घेतलं आणि बाबा जिथे उभे होते तिथला दगड पुसत राहिले. मागे वळले नाही.