भैरोबा येत न्हाई म्हणणारी अंबूबाई

अंबूबाईच्या अंगात भैरोबा येतो, हे तासगावजवळच्या त्या वाडीत नऊ वर्षं सगळे धरून चालले होते. आधी तिला जळत्या कापराचा वास यायचा, मग डाव्या खांद्यामागं कुणीतरी येऊन उभं राहायचं. नजर खिळायची, ओठ पुटपुटायचे. त्या पुटपुटण्यातून लोक आपापला कौल काढायचे. तिला मात्र नंतर एवढंच आठवायचं, की तो आला होता आणि जीव गार झाला होता.

गेल्या उन्हाळ्यात बेदाणा निवडताना ती शेडमध्येच कोसळली, हातपाय झाडू लागली. सून रेश्मानं तिला सांगलीला नेलं. डोक्याला तारा लावून तपासणी झाली. डॉक्टर ब्राह्मी म्हणाल्या, "मावशी, कानामागच्या भागात मेंदूला बारीक झटके येतात. तो वास, ते कुणी जवळ असणं, त्यातनंच. आता झटका मोठा झालाय. गोळ्या घ्याव्या लागतील."

"मग त्यो देव नव्हता?"

"मशीनला झटका दिसतो, मावशी. देवाचं मशीनला विचारता येत नाही."

गोळ्या सुरू झाल्या आणि खांदा रिकामा झाला. देवळात बसून अंबूबाई वाट बघायची. दगडी भैरोबा नुसता बघत राहायचा. दोनदा तिनं गोळी हातात धरून ठेवली. पण शेडमध्ये शुद्धीवर येताना दिसलेला रेश्माचा चेहरा आठवला, नि गिळली.

पौषात जत्रा भरली. कौलासाठी रांग लागली. पंच आप्पासो कानाशी आले. "आवं काकू, नुसती मान हलवा. लोकांचं समाधान हुईल."

अंबूबाई उठली. तिचा आवाज रांगेच्या टोकापर्यंत गेला. "आयाबायांनो, आता माझ्याकडं कुनी येत न्हाई. मला फिटचा आजार हाय, गोळ्या चालू हायती. जो आला न्हाई त्येच्या नावानं मी बोलनार न्हाई."

कुजबुज झाली. कुणी म्हणालं, देव कोपला. नारळ घेऊन माणसं पांगली. गर्दीत उभ्या रेश्माचा ऊर भरून आला. अख्ख्या वाडीसमोर असं बोलायला छाती लागते, आणि ती तिच्या सासूला होती.

कौलाच्या रांगेतली सोनिया तेवढी मागं राहिली. "काकू, माझी पोरगीबी अशीच टक लावून बसती. तिलाबी वास येतो म्हणती. मी आंगारा लावत हुते."

"उद्या सकाळची सांगली गाडी धरायची," अंबूबाई म्हणाली. "मी येते संगं. डॉक्टरीनबाई मला वळखतीत."