गोठ्याच्या भिंतीतली रानमाशी

आज पाव्हणे येणार म्हणून गोठ्याच्या मातीच्या भिंतीतली भोकं मी चिखलानं लिंपली अन् वांग्याच्या वावरात गेली.

फुलपाखरं भरपूर होती. पण आमचे हे म्हणाले, “रोजची गुणगुण आज काऊन नाही वं?”

मी चपापली. फुलपाखरू नुसतं मिरवतं. वांग्याचं फूल धरून, थरथरवून पराग पाडते ती निळ्या पट्ट्यांची रानमाशी, मधमाशीच्याच जातीची. अन् तिचं घर त्याच भोकांत.

मी धावत गोठ्याकडं आली. चिखल ओलाच होता. काडीनं भोकं मोकळी केली, तशी एक माशी अंग झटकत बाहेर आली अन् वांग्याकडंच गेली. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

पाव्हण्यांना भिंत भोकांचीच दिसेल. ताटात मात्र तिच्याच मेहनतीची भरली वांगी असतील. तुमी लिंपण्याआधी भिंतीत कोण राहतं ते पाहता का?